लाकडी आयटम, नग 1

सिलतऱ्यात लोखंड सोडून दुसरं काही मागायचं असेल, तर आधी समोरच्याला खुर्चीवर बसवून समजावावं लागतं. रायपूर सोडून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात चिमण्या दिसायला लागतात. स्पंज आयर्न, फेरो अलॉय, इंडक्शन फर्नेस, रोलिंग मिल. बिलेट मागा, टीएमटी सळई मागा, अँगल-चॅनेल मागा, संध्याकाळी ट्रक दारात उभा. न मागता मिळतं ते वेगळंच. ते काळ्या भुकटीच्या रूपाने गच्चीवरच्या पापडांवर येऊन बसतं आणि त्याचं बिलही येत नाही. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने ठरवलं, की आपण इलेक्ट्रिक गिटार बनवायची. विकत घ्यायची नाही, सुटे भाग जमवून जोडायची. आणि त्यातही साधी नको, बॅरिटोन.

भाचा एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे आणि मी दुसऱ्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. त्याने हा बेत आपल्या आईच्या आधी मला सांगितला, तो माझ्या संगीतप्रेमामुळे नव्हे. "मामा, पार्ट्सची लिस्ट केलीये, जरा नजर टाका ना," म्हणाला. लिस्ट पाहून मला गहिवरून आलं. बॉडी 1, नेक 1, ट्यूनिंग की 6, ब्रिज 1, पिकअप 2, पॉट 2, कपॅसिटर 1, जॅक 1, स्ट्रॅप बटन 2, नेकचे स्क्रू 4. इतकी वर्षं बेअरिंग आणि व्ही-बेल्टच्या मागणीपत्रांवर सह्या करतोय, पण इतकं स्वच्छ, नगासकट लिहिलेलं मागणीपत्र आमच्या मेंटेनन्सवाल्यांनी कधी दिलेलं नाही. मी सवयीने विचारलं, "मिनिमम स्टॉक किती ठेवायचा?"

"मामा, एकच गिटार आहे."

"सगळे असंच म्हणतात. मग ब्रेकडाउन होतो आणि स्टोअरच्या नावाने शंख."

ताईला कळलं तेव्हा तिने सरळ प्रश्न विचारला. "तयार का नाही घेत?" या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही हौशी माणसाकडे धड उत्तर नसतं. भाच्याने सांगून पाहिलं, की दुकानात बॅरिटोन मागितली तर दुकानदार बास काढून दाखवतो. ताई म्हणाली, "मग बास घे."

आता ही बॅरिटोन काय चीज आहे ते सांगितलंच पाहिजे, कारण मलाही ते बऱ्याच जणांना सांगत फिरावं लागलं. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झला बोलते. बास गिटारची जाड तार त्याच्या निम्म्यावर, 41 ला. बॅरिटोन या दोघींच्या मध्ये. तिची जाड तार 62 ला लावतात, कुणी आणखी उतरवून 55 ला. घरातल्या मधल्या भावासारखी तिची अवस्था आहे, थोरल्याचा मान नाही आणि धाकट्याचे लाड नाहीत. अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने 1950च्या दशकात असली वाद्यं बाजारात आणली. नॅशव्हिलच्या स्टुडिओवाल्यांनी त्यांना बासच्या बरोबरीने टिकटिक करायला बसवलं, आणि आता हेवी मेटलवाली पोरं त्यांच्यावर काय करतात ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारा.

आमचे शेजारी मात्र पेटीवाले. काका तात्यापाऱ्यातले, पिढीजात रायपूरकर. 1741 मध्ये भास्करपंत नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर आले, 1758 पासून बिंबाजी भोसले तिथे राज्य करू लागले, आणि त्यांच्या मागोमाग छत्तीसगडात उतरलेली मराठी माणसं आजही गणपतीत पेटी कोण वाजवणार यावर भांडतात. त्या भांडणात काका नेहमी जिंकतात. त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं.

"पट्टी कुठली तुझ्या वाद्याची?"

"बी, काका."

"म्हणजे पांढरी सात. आणि तीसुद्धा खालची." काकांनी पेटीवर बोट ठेवून पाहिलं, ती तिथपर्यंत पोचत नव्हती. "अरे, पुरुष गातो काळी एकला, फार तर पांढरी दोनला. इतक्या खर्जात साथ करणार कुणाची तू?"

भाचा म्हणाला, "आधी बनू तर द्या." हा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला.

खालचा स्वर काढायचा तर तार जाड हवी किंवा लांब हवी. नुसती जाड करत गेलं तर ती धोतरासारखी लोंबते असं मी लिहिणार होतो, पण भाच्याने दुरुस्ती केली की योग्य शब्द "फ्लॉपी" आहे. म्हणून बॅरिटोनची मान लांब करतात. साध्या फेंडर गिटारची तार घोडीपासून वरच्या खाचेपर्यंत साडेपंचवीस इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. वॉशिंग्टन राज्यातल्या पुयालप गावी वॉरमॉथ नावाची कंपनी आहे. ती एक मान विकते, तिची तार भरते 28 पूर्णांक 5 अष्टमांश इंच. हा आकडा ऐकून आमच्या टर्नरने कपाळाला हात लावला. त्याला मायक्रॉन चालतो, अष्टमांश इंच नाही. पण आकडा मनचा नाही. गिटारवर दर पडद्याला लांबी दोनच्या बाराव्या मुळाने बदलते. साडेपंचविसाला दोन पडदे मागे न्या, बरोबर 28.62 येतात. म्हणजे ही मान जुन्याच गिटारला डोक्याकडून दोन पडदे वाढवून दिलेली आहे, त्यामुळे बॉडीवर घोडी जिथे होती तिथेच राहते. बाकी कुठे काही हलवायचं नाही. मला हे इतकं पटलं की मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो. कारखान्यात एखाद्या मशीनची लांबी वाढवताना फाउंडेशन जसंच्या तसं राहिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

भाच्याने मागवलेल्या त्या मानेवरची पट्टी इंडियन रोझवुडची होती. म्हणजे आपली शिसवी. आपल्या दक्षिणेतल्या जंगलातलं लाकूड जगभरच्या गिटारींना जातं आणि आम्ही ते परत आणताना त्यावर आयात शुल्क भरलं. 2017 च्या जानेवारीत या सगळ्या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा जगातले गिटारवाले कागदपत्रांनी हैराण झाले होते. 2019 मध्ये तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना सूट मिळाली, नाहीतर या मानेला तिच्याच देशात यायला परवाना काढावा लागला असता. पार्सल उघडून पाहणाऱ्या साहेबांनी भाच्याला फोनवर विचारलं, "बाकी का गिटार किधर है?" भाचा म्हणाला, "बन रहा है." साहेबांनी ते वाक्य कुठल्या रकान्यात लिहिलं देव जाणे.

बॉडीसाठी लाकूड घरातूनच निघालं. जुन्या घराची सागवानी चौकट गच्चीवर पडून होती. ताईने हरकत घेतली, तेव्हा मी ब्रायन मेचा दाखला दिला. क्वीन बँडचा हा गिटारवाला. त्याने आणि त्याच्या वडिलांनी 1963 मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली, मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, आणि त्यातली किडीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा, दांडीला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवतोय. ताई म्हणाली, "माझ्या सुयांना हात लावायचा नाही." म्हणजे चौकट मंजूर.

आमच्या कारखान्यात फाउंड्री आहे, त्यामुळे पॅटर्न शॉप आहे, आणि पॅटर्नमेकर म्हणजे लाकूडकामातला शेवटचा शब्द. बाहेरचा सुतार दाराला फट ठेवतो, पॅटर्नमेकर ठेवत नाही. मॅनेजर साहेबांनी खासगी कामाला परवानगी दिली. त्यांच्या देवघराचे खांब त्याच लेथवर वळले होते, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. मिस्त्रीने ड्रॉइंग उलटसुलट पाहून विचारलं, "साहब, धातू कौन सा ढालना है?"

"कोई नहीं. यही फाइनल आइटम है."

त्याचा विश्वास बसेना. उभं आयुष्य त्याने लाकडाचं जे काही केलं ते वाळूत दाबून काढून घेण्यासाठी. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न सव्वा मीटरचा असेल तर सव्वा सेंटिमीटर मोठा करायचा, पोलाद असेल तर त्याच्या दुप्पट. ही मोजपट्टी त्याच्या हाताला लागलेली. भाचा तीन वेळा सांगून गेला की मान बसायची खाच 16 मिलिमीटर खोल हवी, 16 म्हणजे 16, आक्रसण्याचं काही धरायचं नाही. मिस्त्री मान डोलावत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर करुणा होती. पुढे खाच अशी बसली की मान हाताने दाबून बसवल्यावर स्क्रू न लावता गिटार उचलता आली. मिस्त्री फक्त एवढंच म्हणाला, "बने हे."

आता गेटची गोष्ट. लाकूड आत येताना सिक्युरिटीवाल्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, "लाकडी आयटम, नग 1, वजन 5 किलो, रिटर्नेबल." बॉडी बाहेर निघाली तेव्हा काट्यावर तीन किलो भरली. दोन किलो कुठे गेले? मी सांगितलं, भुसा झाला. तो म्हणाला, रिटर्नेबल माल पूर्ण परत जायला हवा, नियम तुम्हीच काढलाय साहेब. नियम खरंच मी काढलेला होता, स्क्रॅप चोरीला जातो म्हणून. शेवटी पॅटर्न शॉपमधून पोतंभर भुसा मागवून काट्यावर टाकला. त्यात सागवान किती आणि कालच्या गिअरबॉक्सच्या पॅटर्नचा पाइन किती हे मी विचारलं नाही. वजन जुळलं.

बॉडी झाली, मान आली, आता पिकअप. तयार पिकअप मिळतात, पण भाच्याचं म्हणणं पडलं की सगळंच विकत आणून जोडायचं तर ती असेंब्ली झाली, त्याला बनवणं म्हणत नाहीत. एखादा तरी भाग आपल्या हातचा हवा. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार वर हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात किंचित वीज येते, बस. आणि वेटोळी गुंडाळणारे आमच्याकडे गल्लोगल्ली. सिलतऱ्यात जितक्या मोटारी जळतात तितक्यांना कुणीतरी पुन्हा गुंडाळतंच.

आमच्या नेहमीच्या वाइंडिंगवाल्याने बॉबिन तळहातावर घेतली. "कितने हॉर्सपावर का है?"

"हॉर्सपॉवर नाही भैया."

"करंट कितना खाता है?"

"खाता नहीं, देता है."

"कितना?"

भाच्याने मिलिव्होल्टमध्ये आकडा सांगितला. वाइंडिंगवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, साहब, घर में सब ठीक है ना, या नजरेने.

तारेचा नंबर सांगायची वेळ आली तेव्हा मात्र स्टोअरवाला कामी आला. गिटारवाल्यांची सगळी पुस्तकं म्हणतात 42 नंबरची तार. ती अमेरिकन गेजमध्ये, 0.063 मिलिमीटर, केसापेक्षा बारीक. आमच्या बाजारात तार मिळते ब्रिटिश गेजने, आणि तिथली 42 नंबर म्हणजे 0.1 मिलिमीटर. दीडपट जाड. ती घेतली असती तर एका बॉबिनवर पाच हजार वेढे बसायचे तिथे निम्मेही बसले नसते. आपल्याला हवी ती इथली 46 नंबर. आयुष्यात एकदा माझ्या खात्याचा संगीताला उपयोग झाला, तो हा. वाइंडिंगवाल्याने 46 नंबरची तार पंखा बंद करून, श्वास रोखून गुंडाळली. पंखा चालू असता तर तार तुटली असती, आणि मे महिन्यात रायपुरात पंखा बंद करणारा माणूस खरा कलाकार.

प्रत्येक पिकअपमध्ये दोन वेटोळी का, हेही सांगून टाकतो, कारण सिलतऱ्यात त्याला महत्त्व आहे. एकाच वेटोळ्याचा पिकअप तारेबरोबर आजूबाजूची वीजही ऐकतो आणि घूंऽऽ करत राहतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये तोडगा काढला. दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, चुंबकही उलटे ठेवायचे, म्हणजे घूं आपसात कटते आणि तारेचा आवाज राहतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे जवळजवळ जी स्वर, काकांच्या भाषेत पांढरी पाच. अमेरिकेची 60 ची, ती बी च्या आसपास. बॅरिटोनची जाड तार बी ला लावतात, म्हणजे तिकडे घूं निदान सुरात तरी असते. आमच्याकडे फर्नेस चालू असताना ती पांढरी पाचवर आणि गिटार पांढरी सातवर. काका म्हणाले, "मग तुमची वीजच तंबोरा धरून बसलीये की." हे त्यांचं या प्रकल्पाबद्दलचं पहिलं कौतुक.

ब्रिज ऑनलाइन मागवला होता, वर लिहिलेलं "सॉलिड ब्रास". विकणाऱ्याला काय माहीत की माल लॅबवाल्याच्या घरी चाललाय. भाच्याने दुपारच्या सुट्टीत एक्स-रे गन लावली. पितळ म्हणजे तांब्यात थोडं जस्त. इथे उलट होतं, जस्तात जवळजवळ नावालाही तांबं नव्हतं. मी लगेच रिजेक्शन नोट काढायला सांगितली. भाचा म्हणाला, "मामा, तीनशे रुपयांचा माल आहे." पण त्या नोटेचा नमुना मी त्याला लिहून दिलाच.

रंग गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने मारला. तो अजूनही "ड्युको" म्हणतो. ड्युपॉन्ट कंपनीचा हा गाड्यांचा रंग, आणि फेंडर कंपनी 1960 च्या सुमारास आपल्या खास रंगांसाठी त्याच कंपनीच्या डब्यांतून ओतत होती. म्हणजे काम बरोबर दुकानात गेलं. फक्त रंग ओला असताना सिलतऱ्याच्या हवेने आपला हिस्सा टाकला. कडांना काळसर छटा आली आहे. पेंटरने त्याचे जादा पैसे मागितले नाहीत, याबद्दल त्याचे आभार.

दरम्यान घरी येणाऱ्या प्रत्येकाचं मत होतं. क्रेनवाला म्हणाला, सहा तारांचा मिळून पन्नास किलोच्या वर ताण आणि धरायला चार स्क्रू? फॅक्टर ऑफ सेफ्टी काय धरलाय? इलेक्ट्रिशियन म्हणाला, अर्थिंग. काकांनी मात्र बाजू घेतली. मिरजेत सतार-तंबोरे कुणी सुरू केले? हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी. फरीदसाहेबांसारख्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तलवारींना गिऱ्हाईक राहिलं नाही, मग हात तारेकडे वळवले. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड आणखी कुठलं, तेही सुटे भागच की. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. "लोखंडवाल्यांनीच वाद्यं करायची असतात," काका म्हणाले. मला हे पटलं, फक्त सिलतऱ्यात सळईला गिऱ्हाईक अजून भरपूर आहे ही अडचण.

गिटार झाली. तारा 13 ते 62 च्या, म्हणजे जाड तार इंचाचा 62 हजारांश भाग, बारीक वायर रोपच म्हणा. पडदेही दूर दूर. साध्या गिटारवर पहिला पडदा 36 मिलिमीटरवर येतो, हिच्यावर 41 वर. बोटं ताणावी लागतात. अँप्लिफायर लावला, जाड तार छेडली आणि खिडकीचं तावदान थरथरलं. आवाज उत्तम होता. खोल, भरलेला, थोडा उदास. ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "मिक्सर कुणी लावला?"

त्यानंतर शांतता. कारण भाच्याला गिटार येत नाही. दोन कॉर्ड येतात, तेही साध्या गिटारवर. हे मला आधी माहीत नव्हतं आणि आता कळल्यावर आश्चर्यही वाटत नाही. ज्या लिओ फेंडरच्या आराखड्यावर ही सगळी सोंगं उभी आहेत, ज्याने मान स्क्रूने बसवून गिटारचा कारखाना उभा केला, तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. उलट एडी व्हॅन हॅलेनने 50 डॉलरची सेकंड दर्जाची, म्हणजे रिजेक्शनची बॉडी आणि 80 डॉलरची मान जोडून गिटार केली, पण तो वाजवणारा होता म्हणून त्याला रिजेक्शन चाललं. बनवणाऱ्याला चालत नाही. बनवणारा मिलिमीटरसाठी जागतो, आणि तार लावली की त्याचं काम संपतं. भाच्याने गेल्या आठवड्यात मला नवी लिस्ट पाठवली आहे, आठ तारांच्या गिटारची. मी म्हटलं होतं, मिनिमम स्टॉक ठरवून ठेव.

तर वाचकांना एक विनंती. रायपूर, भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, फार तर नागपूरपर्यंत कुणी बॅरिटोन वाजवणारं असेल, बोटं लांब असतील आणि पांढरी सातची हरकत नसेल, तर येत्या गणपतीत तात्यापाऱ्यात या. गिटार तयार आहे, सेट आहे, पिकअप घूं करत नाही. काका पेटीवर साथ करायला तयार आहेत, मात्र पट्टी ते ठरवतील. आणि जाताना गिटार परत द्यायची. गेटपासवर ती अजून रिटर्नेबल आहे.